रोगनिदान चाचणीच्या अचूकतेचा अभ्यास कसा पारखावा: नवोदितांसाठी मार्गदर्शन

'या चाचणीची संवेदनशीलता ९५ टक्के आणि विशिष्टता ९२ टक्के आहे' असे वाक्य शोधनिबंधाच्या सारांशात दिसले की, नवख्या वाचकाला हे दोन आकडे चाचणीच्या अंगचेच वाटतात. ती कुठेही आणि कोणावरही केली तरी ते तसेच राहतील, असे तो गृहीत धरतो. हा समज चुकीचा आहे आणि तो दूर करणे हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे. चाचणी, ज्यांच्यावर ती केली ती माणसे आणि त्या माणसांना खरोखर आजार होता की नाही हे ठरवण्याची पद्धत, या तिन्हींच्या मेळातून हे आकडे निघतात. तिन्हींपैकी एक बदलले तरी आकडा बदलतो. त्यामुळे असा निबंध हाती आल्यावर सारांशातील टक्केवारी क्षणभर बाजूला ठेवावी, आधी 'पद्धती' हा भाग सावकाश वाचावा आणि आकड्यांकडे त्यानंतरच वळावे.

पुढील पायऱ्या वैद्यकीय विद्यार्थी, प्रयोगशाळेत काम करणारे तंत्रज्ञ, सार्वजनिक आरोग्यातील कार्यकर्ते आणि असे निबंध पहिल्यांदाच वाचणारे इतर वाचक यांच्यासाठी लिहिल्या आहेत. त्यासाठी अपूर्णांक आणि टक्केवारी यांपलीकडच्या गणिताची गरज नाही.

आधी चार खाने

या विषयातले जवळजवळ सगळे हिशेब चार खान्यांच्या एका तक्त्यातून निघतात. आजार आहे आणि चाचणीही सकारात्मक आली, ते खरे सकारात्मक. आजार असूनही चाचणी नकारात्मक आली, ते खोटे नकारात्मक. आजार नसताना चाचणी सकारात्मक आली, ते खोटे सकारात्मक. आजारही नाही आणि चाचणीही नकारात्मक, ते खरे नकारात्मक. आजार असलेल्यांपैकी किती जणांना चाचणीने पकडले, ते प्रमाण म्हणजे संवेदनशीलता, आणि आजार नसलेल्यांपैकी किती जणांना चाचणीने योग्य रीतीने मोकळे केले, ते प्रमाण म्हणजे विशिष्टता. 'आजार आहे की नाही' याचा अंतिम निवाडा ज्या पद्धतीने केला जातो तिला संदर्भ मानक म्हणतात. बोलण्यात तिलाच 'गोल्ड स्टँडर्ड' म्हटले जाते. ती पद्धत म्हणजे ऊतीची बायोप्सी असेल, जिवाणूंचे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहणे, असेल, शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष दिसलेली स्थिती असेल किंवा काही महिन्यांचा पाठपुरावाही असेल.

पहिली पायरी: प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहून काढा

निबंध वाचायला घेण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: कोणत्या माणसांवर, कोणती चाचणी, कोणत्या आजारासाठी आणि उपचाराच्या वाटेवर नेमक्या कोणत्या टप्प्यावर. यातील चौथी गोष्ट बहुतेक वाचक विसरतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. नवी चाचणी जुन्या चाचणीची जागा घेणार आहे का, की जुन्या चाचणीच्या आधी चाळणी म्हणून वापरली जाणार आहे, की जुन्या चाचणीनंतर शंका उरलेल्यांसाठीच ती आहे? चाळणी म्हणून वापरायच्या चाचणीतून आजारी माणूस निसटता कामा नये, म्हणून तिची संवेदनशीलता आधी पाहायची. जिच्या सकारात्मक निकालावर थेट शस्त्रक्रिया ठरणार आहे, तिची विशिष्टता आधी पाहायची. चाचणीची भूमिका ठरवल्याशिवाय ८५ टक्के हा आकडा पुरेसा की अपुरा, हे ठरवता येत नाही.

दुसरी पायरी: माणसे कशी निवडली ते पाहा

येथे वाचकाने सर्वाधिक वेळ द्यावा, कारण आकडा फुगण्याची सर्वांत मोठी जागा हीच असते.

आदर्श रचना अशी: ज्यांच्यात आजाराची शंका आहे आणि निदान अजून झालेले नाही, अशी माणसे ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने, किंवा यादृच्छिक पद्धतीने, अभ्यासात घेतली जातात. सगळ्यांची नवी चाचणी होते आणि सगळ्यांचे संदर्भ मानकही होते. प्रत्यक्ष दवाखान्यात चाचणी अशाच माणसांवर वापरली जाणार असते. यात ठसठशीत लक्षणांचे रुग्ण असतात, सौम्य आजाराचे असतात, आणि त्याच आजारासारखी लक्षणे देणाऱ्या दुसऱ्याच आजाराचेही असतात.

अनेक अभ्यास मात्र सोपा मार्ग धरतात. निदान पक्के झालेले रुग्ण एका बाजूला, ठणठणीत निरोगी माणसे दुसऱ्या बाजूला, आणि चाचणी त्यांना वेगळे ओळखते का, एवढेच पाहिले जाते. ही केस-कंट्रोल धाटणीची रचना आहे. चाचणीत मुळात काही दम आहे का, एवढे पाहण्यासाठी ती योग्य आहे, पण तिच्यातून आलेली संवेदनशीलता आणि विशिष्टता दवाखान्यात लागू पडत नाही. पुढे गेलेला आजार ओळखणे सोपे असते आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणणेही सोपे असते. खरी कसोटी मधल्या, संदिग्ध माणसांवर लागते, आणि नेमकी तीच या रचनेत नसतात. १९९९ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी अनेक चाचण्यांच्या अभ्यासांची तुलना केली. त्यांना असे आढळले की, पक्के रुग्ण आणि निरोगी माणसे अशा दोन वेगळ्या गटांवर केलेल्या अभ्यासांत डायग्नोस्टिक ऑड्स रेशो, म्हणजे अचूकतेचे एक एकत्रित माप, योग्य रचनेच्या अभ्यासांच्या सुमारे तिप्पट येते.

या दोषाचे शिकवण्याजोगे उदाहरण म्हणजे कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन, अर्थात सीईए, हे रक्तात मोजता येणारे प्रथिन. १९६९ साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ३६ रुग्णांपैकी ३५ जणांच्या रक्तात ते वाढलेले आढळले, आणि कर्करोग लवकर पकडणारी रक्तचाचणी सापडली, अशी आशा निर्माण झाली. नंतर सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांवर आणि इतर आजारांच्या रुग्णांवर ती वापरली गेली, तेव्हा अनेक कर्करोग तिच्यातून निसटले, आणि यकृताच्या व आतड्याच्या कर्करोगेतर आजारांतही ती सकारात्मक येऊ लागली. आज ही चाचणी मुख्यतः उपचारानंतरच्या पाठपुराव्यासाठी वापरतात, निरोगी वाटणाऱ्या लोकांत कर्करोग शोधण्यासाठी नव्हे. १९७८ साली रॅन्सोहॉफ आणि फाइनस्टाइन यांनी आजाराच्या छटांचा, म्हणजे त्याच्या सौम्य ते तीव्र रूपांचा, आणि अशा पक्षपाताचा, म्हणजे आकडे एकाच बाजूला झुकवणाऱ्या दोषाचा, संबंध सविस्तर मांडला, तेव्हापासून हा मुद्दा या विषयाच्या केंद्रस्थानी आहे.

रचना चांगली असली तरी छटांचा परिणाम उरतोच. थुंकीतील क्षयजिवाणूंची जनुकीय खूण शोधणाऱ्या 'एक्स्पर्ट' (Xpert) या चाचणीचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. तो पेरू, अझरबैजान, दक्षिण आफ्रिका आणि भारत येथे, क्षयरोगाची शंका असलेल्या १,७३० रुग्णांवर झाला. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीत जिवाणू दिसलेल्या ५६१ कल्चर-सकारात्मक रुग्णांपैकी ५५१ जण एकाच चाचणीत पकडले गेले, म्हणजे ९८.२ टक्के. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू न दिसलेल्या १७१ कल्चर-सकारात्मक रुग्णांपैकी मात्र १२४ जणच, म्हणजे ७२.५ टक्के. चाचणी तीच, अभ्यास तोच, संदर्भ मानकही तेच. फरक फक्त थुंकीतील जिवाणूंच्या संख्येचा. या संशोधकांनी दोन्ही गट वेगळे दाखवले, हे त्यांचे श्रेय. दोन्ही एकत्र करून एकच आकडा दिला असता, तर तो आकडा अभ्यासात कोणत्या गटाचे किती रुग्ण होते यावर अवलंबून राहिला असता.

म्हणून 'पद्धती' वाचताना पुढील प्रश्नांची उत्तरे शोधावीत. रुग्ण कोठून आले: प्राथमिक केंद्रातून, की मोठ्या रुग्णालयाच्या विशेष विभागातून, जिथे अवघड रुग्ण आधीच गाळून पोहोचतात? 'निदान कठीण' म्हणून कोणाला वगळले का? सलग आलेल्या सर्व रुग्णांना घेतले असे स्पष्ट लिहिले आहे का? निबंधात हे लिहिलेलेच नसेल, तर आपल्या टिपणात 'अस्पष्ट' अशी नोंद करावी. सगळे ठीक असेल असे मानून पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी: चाचणी कशी केली आणि सीमारेषा कधी ठरली

रक्तातील एखाद्या द्रव्याची मोजणी असेल, तर अमुक पातळीच्या वर सकारात्मक आणि खाली नकारात्मक अशी सीमारेषा, म्हणजे कट-ऑफ, लागते. ती अभ्यास सुरू होण्यापूर्वीच ठरवली होती, की निकाल हाती आल्यावर, सर्वांत चांगले आकडे देणारी म्हणून निवडली? दुसऱ्या प्रकारात आकडे त्याच माणसांवर बेतलेले असतात, आणि नव्या माणसांवर ते बहुधा घसरतात. अभ्यास लहान असेल तर ही घसरण अधिक. 'सर्वोत्तम कट-ऑफ १७.३ आढळला' असे वाक्य दिसले की सावध व्हावे, आणि त्याच कट-ऑफची पडताळणी वेगळ्या गटावर केली आहे का, ते शोधावे.

निकाल वाचणाऱ्याला रुग्णाचे अंतिम निदान माहीत होते का, हा दुसरा प्रश्न. छातीच्या एक्स-रेवर गाठ आहे हे आधीच माहीत असलेल्या डॉक्टरला पुसट सावलीही गाठच दिसते. यंत्राने छापलेल्या आकड्याला हा धोका कमी, प्रतिमा किंवा ऊतीचे काचपट्ट वाचण्यात तो फार मोठा. संवेदनशीलता आणि विशिष्टता या मापांना वैद्यकात रूढ करणारा याकोब येरुशाल्मी यांचा १९४७ चा निबंध छातीच्या एक्स-रेच्या वाचनावरच होता, आणि एकच फिल्म दोन तज्ज्ञ वेगळी वाचतात, इतकेच नव्हे तर एकच तज्ज्ञ दुसऱ्यांदा पाहताना वेगळे मत देतो, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. म्हणून वाचन माणसाच्या नजरेवर अवलंबून असेल, तर वाचणारे किती होते, त्यांचा अनुभव किती होता आणि त्यांच्यात एकमत किती झाले, हेही निबंधात असायला हवे.

चौथी पायरी: संदर्भ मानकावर कितपत विश्वास ठेवायचा

चाचणी चुकली की बरोबर ठरली, हे संदर्भ मानक सांगते. ते स्वतःच चुकत असेल, तर चाचणीच्या माथी खोटे दोष आणि खोटे गुण दोन्ही लागतात. थुंकीत सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जिवाणू दिसण्यासाठी दर मिलिलिटरमध्ये त्यांची संख्या साधारण पाच ते दहा हजार असावी लागते. कल्चरला त्याहून कितीतरी कमी जिवाणू पुरतात. आता एखादी नवी, अधिक बारीक चाचणी सूक्ष्मदर्शकाच्या निकालाशी ताडून पाहिली, तर तिने पकडलेले खरे रुग्ण 'खोटे सकारात्मक' या खान्यात जातील आणि चांगल्या चाचणीची विशिष्टता वाईट दिसेल. चाचणी आणि संदर्भ मानक एकाच ठिकाणी, एकाच कारणाने चुकत असतील, तर उलट घडते: दोघांच्या सारख्या चुका यश म्हणून मोजल्या जातात.

तपासली जाणारी चाचणीच संदर्भ मानकाचा भाग असणे, हा याहून कमी लक्षात येणारा दोष आहे. २००० साली युरोपीय आणि अमेरिकी हृदयरोग संस्थांनी हृदयस्नायूच्या इन्फार्क्शनची, म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याची, व्याख्या नव्याने केली आणि हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाला तिच्यात मध्यवर्ती स्थान दिले. त्या व्याख्येनुसार अंतिम निदान करणारा, अभ्यासातील तज्ज्ञ मंडळाचा सदस्य त्याच ट्रोपोनिनचा निकाल पाहून मत देत असेल, तर ट्रोपोनिनची अचूकता उत्तम येणे जवळजवळ ठरलेलेच असते. अशा अभ्यासात निदान करणाऱ्यांना कोणत्या नोंदी दिल्या आणि कोणत्या झाकून ठेवल्या, हे शब्दशः वाचावे.

तिसऱ्या पायरीवर विचारलेला प्रश्न येथे उलट दिशेने विचारायचा आहे: संदर्भ मानकाचा निकाल देणाऱ्याला नव्या चाचणीचा निकाल माहीत होता का?

पाचवी पायरी: प्रत्येक माणसाचा माग काढा

अभ्यासात घेतलेली सगळी माणसे शेवटच्या तक्त्यात पोहोचली का? नवोदितांना ही पायरी रटाळ वाटते. पण चांगले दिसणारे कितीतरी निबंध येथेच कोसळतात, म्हणून एक काल्पनिक हिशेब मी पूर्ण मांडतो.

१,००० माणसे आहेत, त्यांपैकी १०० जणांना आजार आहे. चाचणीची खरी संवेदनशीलता ८० टक्के आणि खरी विशिष्टता ९० टक्के आहे. म्हणजे खरे सकारात्मक ८०, खोटे नकारात्मक २०, खोटे सकारात्मक ९० आणि खरे नकारात्मक ८१०. आता संदर्भ मानक म्हणजे वेदनादायक बायोप्सी आहे असे धरा. चाचणी सकारात्मक आलेल्या सर्व १७० जणांची बायोप्सी होते, पण नकारात्मक आलेल्या ८३० पैकी फक्त दर दहांतील एकाची, म्हणजे ८३ जणांची होते. त्या ८३ जणांत सरासरीने २ खोटे नकारात्मक आणि ८१ खरे नकारात्मक असतील. बायोप्सी झालेल्यांचाच तक्ता केला, तर संवेदनशीलता ८२ पैकी ८०, म्हणजे सुमारे ९८ टक्के, आणि विशिष्टता १७१ पैकी ८१, म्हणजे सुमारे ४७ टक्के दिसेल. एकाही नमुन्याची तपासणी चुकलेली नाही, कोणी खोटे लिहिलेले नाही, तरीही ८० चे ९८ झाले आणि ९० चे ४७. याला पडताळणीतील पक्षपात म्हणतात. बायोप्सीसाठी निवड केवळ चाचणीच्या आणि इतर नोंदवलेल्या माहितीच्या आधारे झाली असेल, तर तो गणिताने दुरुस्त करण्याची पद्धत बेग आणि ग्रीन्स यांनी १९८३ साली दिली. निबंधात असा प्रयत्न झाला आहे का, ते पाहावे.

कधीकधी ही अडचण टाळण्यासाठी दोन वेगळी मानके वापरतात: सकारात्मक निकालाला पक्की तपासणी आणि नकारात्मक निकालाला पाठपुरावा. फुप्फुसातील रक्तगुठळीच्या निदानासाठी केलेल्या पायोपेड या १९९० च्या मोठ्या अभ्यासात, स्कॅन सामान्य किंवा कमी संशयास्पद असलेल्यांपैकी ६९ टक्के रुग्णांची आणि अधिक संशयास्पद असलेल्यांपैकी ९२ टक्के रुग्णांची अँजिओग्राफी झाली. संशोधकांनी हा फरक लपवला नाही, आणि अँजिओग्राफी न झालेल्या, गुठळीविरोधी उपचारही न घेतलेल्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला. नकारात्मक निकालाच्या रुग्णाला केवळ निदानासाठी जोखमीच्या तपासणीला पाठवणे योग्य नसते, तेव्हा असा मार्ग समजण्याजोगा आहे. मात्र पाठपुरावा पुरेसा लांब होता का आणि त्यातून किती जण सुटले, हे तपासावे, कारण आपोआप बऱ्या होणाऱ्या आजाराचे रुग्ण पाठपुराव्यात 'निरोगी' म्हणून नोंदले जातात.

निकाल न लागलेल्या नमुन्यांची नोंदही शोधावी. आजार असलेल्या १०० जणांपैकी १२ जणांचे नमुने वाचता आले नाहीत आणि उरलेल्या ८८ पैकी ८० सकारात्मक आले, असे समजा. १२ जणांना वगळले तर संवेदनशीलता ९१ टक्के, मोजले तर ८० टक्के. दवाखान्यात ते १२ जण समोर बसलेलेच असतात, त्यामुळे माझा कल त्यांना मोजण्याकडे आहे. निदान दोन्ही हिशेब दिलेले असावेत. चाचणी आणि संदर्भ मानक यांत किती दिवस गेले, हेही पाहावे. तीव्र संसर्गात चार दिवसांत चित्र पालटते. सावकाश वाढणाऱ्या आजारात चार आठवडेही चालतात.

सहावी पायरी: तक्ता स्वतः मांडा

आता आकड्यांकडे वळावे. निबंधातील टक्केवारीवर न थांबता चारही खाने स्वतः भरावेत. ते भरता येत नसतील तर निबंध अपुरा आहे, आणि भरता येऊनही बेरीज जुळत नसेल तर पाचव्या पायरीवरची माणसे कुठेतरी हरवली आहेत.

त्यानंतर प्रत्येक आकड्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या दरम्यान असण्याची अपेक्षा आहे तो पल्ला, पाहावी. आजार असलेल्या ३० पैकी २७ जण पकडले गेले तरी संवेदनशीलता ९० टक्के आणि ३०० पैकी २७० पकडले गेले तरी ९० टक्केच. पण पहिल्या अभ्यासात ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण ७४ ते ९७ टक्के इतकी रुंद येते, तर दुसऱ्यात ८६ ते ९३. संवेदनशीलतेचा नेमकेपणा फक्त आजार असलेल्यांच्या संख्येवर ठरतो. 'दोन हजार लोकांवरील अभ्यास' असे शीर्षक असले आणि त्यांत आजारी फक्त तीस असले, तर संवेदनशीलतेपुरता तो तीस जणांचाच अभ्यास आहे.

पुढचा प्रश्न रुग्णाचा असतो: माझी चाचणी सकारात्मक आली, तर मला आजार असण्याची शक्यता किती? हे संवेदनशीलता सांगत नाही. संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही ९० टक्के असलेली चाचणी घ्या. १,००० जणांत १०० आजारी असतील, तर ९० खरे आणि ९० खोटे सकारात्मक येतील, म्हणजे सकारात्मक निकालाचे भाकीतमूल्य ५० टक्के. १,००० जणांत १० च आजारी असतील, तर ९ खरे आणि ९९ खोटे, म्हणजे भाकीतमूल्य जेमतेम ८ टक्के. ४०० आजारी असतील, तर ३६० खरे आणि ६० खोटे, म्हणजे ८६ टक्के. त्यामुळे दुसऱ्याच्या अभ्यासातील भाकीतमूल्य जसेच्या तसे उचलून आपल्याकडे लावता येत नाही. केस-कंट्रोल रचनेत तर आजारी आणि निरोगी यांचे प्रमाण संशोधकानेच ठरवलेले असते, म्हणून तेथे दिलेल्या भाकीतमूल्याकडे दुर्लक्ष करावे.

आपल्या रुग्णासाठी हिशेब करायचा असेल, तर लाइकलीहुड रेशो सोयीचा पडतो. एखादा निकाल आजारी माणसांत ज्या प्रमाणात येतो, त्याला तोच निकाल आजार नसलेल्यांत ज्या प्रमाणात येतो त्याने भागले की तो मिळतो. वरच्या चाचणीत सकारात्मक निकालाचा रेशो ९० भागिले १०, म्हणजे ९. नकारात्मक निकालाचा १० भागिले ९०, म्हणजे सुमारे ०.११. चाचणीपूर्वी आजाराची शक्यता २० टक्के, म्हणजे एकास चार, वाटत असेल, तर ०.२५ ला ९ ने गुणून २.२५ येतात आणि शक्यता सुमारे ६९ टक्क्यांवर जाते. नकारात्मक निकालाने ती ३ टक्क्यांच्या खाली येते. सकारात्मक निकालाचा रेशो १० च्या वर किंवा नकारात्मक निकालाचा ०.१ च्या खाली असेल, तर चाचणी मत मोठ्या प्रमाणात बदलते, असा ढोबळ संकेत आहे. हातांनी गुणाकार नको असेल, तर फेगन यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखावर पट्टी ठेवूनही तेच उत्तर मिळते.

आरओसी वक्र म्हणजे कट-ऑफ बदलत गेल्यावर संवेदनशीलता आणि विशिष्टता कशा बदलतात ते दाखवणारा आलेख. त्याखालील क्षेत्रफळाबद्दल थोडेच सांगतो. तो आकडा सर्व संभाव्य कट-ऑफचा एकत्र विचार करतो, कोणी कधीही वापरणार नाही अशांचाही. दोन चाचण्यांचे क्षेत्रफळ सारखे असूनही एक चाळणीसाठी योग्य आणि दुसरी अयोग्य असू शकते. निबंधात केवळ हे क्षेत्रफळ दिले असेल आणि ठरावीक कट-ऑफवरची संवेदनशीलता व विशिष्टता नसेल, तर निर्णयासाठी ती माहिती पुरत नाही.

सातवी पायरी: तुलना असेल तर

'नवी चाचणी जुनीपेक्षा सरस' असा दावा असेल, तर दोन्ही चाचण्या त्याच माणसांवर झाल्या असाव्यात, किंवा कोणाची कोणती चाचणी करायची हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलेले असावे. एका अभ्यासातील जुनी आणि दुसऱ्या अभ्यासातील नवी यांचे आकडे शेजारी मांडणे ही तुलना नव्हे, कारण दुसऱ्या पायरीवर पाहिल्याप्रमाणे माणसे बदलली की आकडेही बदलतात.

आठवी पायरी: निवाडा लिहा

क्वाडास-२ हे २०११ साली आलेले साधन याच कामासाठी आहे. ते चार भागांत प्रश्न विचारते: रुग्णांची निवड, तपासली जाणारी चाचणी, संदर्भ मानक, आणि माणसांचा प्रवाह व वेळ. प्रत्येक भागात पक्षपाताचा धोका कमी, जास्त किंवा अस्पष्ट असा नोंदवायचा असतो, आणि पहिल्या तीन भागांत हा अभ्यास आपल्या प्रश्नाला लागू पडतो का, हेही वेगळे नोंदवायचे असते. तुलनात्मक अभ्यासांसाठी क्वाडास-सी ही २०२१ ची जोड आहे. या साधनात गुणांची बेरीज करत नाहीत, आणि वाचकानेही करू नये. रुग्णनिवडीतील एक गंभीर दोष बाकी तीन भागांच्या स्वच्छतेने भरून निघत नाही. स्टार्ड २०१५ ही ३० बाबींची यादी निबंधात काय लिहिलेले असावे, हे सांगते. ती पाळली म्हणजे निबंधाने सर्व सांगितले, एवढेच. त्याने जे सांगितले ते चांगले होते, असा त्याचा अर्थ होत नाही.

लागू पडण्याचा विचार करताना कागदावरची पहिली ओळ पुन्हा वाचावी. अभ्यासातील माणसांचे वय, आजाराची अवस्था, चाचणीची आवृत्ती, ती करणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि कट-ऑफ हे आपल्याकडे तसेच असेल का? आणि अचूक चाचणीमुळे रुग्णाचे भले होईलच, असे अचूकतेच्या अभ्यासातून सिद्ध होत नाही. फ्रायबॅक आणि थॉर्नबरी यांनी १९९१ साली मांडलेल्या सहा पायऱ्यांच्या शिडीत अचूकता दुसऱ्या पायरीवर आहे. डॉक्टरचा विचार बदलतो का, उपचार बदलतो का, रुग्णाला फायदा होतो का आणि समाजाला तो खर्च परवडतो का, या पायऱ्या तिच्या वर आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळे अभ्यास लागतात.

निवाडा चार-पाच वाक्यांत, कारणांसह लिहावा. एक नमुना असा: 'रुग्ण सलग घेतले आहेत, पण फक्त विशेष रुग्णालयातून, म्हणून प्राथमिक केंद्रासाठी लागू पडण्याबद्दल शंका आहे. कट-ऑफ आधी ठरवला होता. नकारात्मक निकालाच्या केवळ काही रुग्णांची बायोप्सी झाली आणि दुरुस्ती केलेली नाही, त्यामुळे संवेदनशीलता फुगलेली असण्याचा धोका जास्त. न वाचता आलेल्या नमुन्यांची संख्या दिलेली नाही, ती लेखकांना विचारावी. तोपर्यंत नकारात्मक निकालावर आजार नाही असे म्हणण्यासाठी ही चाचणी वापरू नये.'